फेसाळ ओढ्याची दुसरी बाटली

नेकनूर, मळ्यातून

राजमान्य मेहुणे बद्रीनाथराव यांस राधाकिशनचा रामराम. आपला गुडघा, आपली बढती आणि आपल्या प्रयोगशाळेतली पाणी तपासायची यंत्रे सुखरूप असोत. (पहिल्या दोन गोष्टी देवाच्या हाती, तिसरीबद्दल मला शंका आहे.) इकडे सर्व क्षेम, फक्त मोसंबी मरते आहे.

पत्रास कारण, गेल्या महिन्यात पाठवलेली ओढ्याच्या पाण्याची बाटली. वरच्या अंगाला विजयसिंहांचा साबणाचा कारखाना निघाल्यापासून ओढ्याला फेस येतो. म्हशी काळ्या बसतात, पांढऱ्या उठतात. गावात आता साबण कुणी विकत घेत नाही (कारखान्याला आमच्याकडून झालेला एवढाच तोटा). त्याच पाण्याने माझ्या दोनशे झाडांची पाने कडेने जळाली. आणि आपला अहवाल काय? ‘सिंचनास उत्तम, क्षार नाममात्र.’ अहो, उत्तम? एखादी साबणाची पेटी आपल्याकडे पोचली असल्यास तसे कळवावे, आम्हीही हुरडा पाठवू. विजयसिंहांनी त्या अहवालाची नक्कल फ्रेम करून फाटकावर टांगली आणि भर पारावर मला म्हणाले, “राधाकिशन, पाणी लई ग्वाड हाय, तुमालाच झाडं सांभाळता येत न्हाईत.” सगळे हसले. मला फार लागले. बारा वर्षे पोरासारखी वाढवलेली बाग आहे. सोमवारी तहसीलदारांपुढे माझ्या तक्रारीची सुनावणी आहे. पुन्हा असाच कागद आला, तर फेस वाहतच राहणार आणि बागेला कुऱ्हाड मला माझ्या हाताने लावावी लागणार.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, यंत्रांना आशीर्वाद.

आपला,
राधाकिशन

ता.क. एसटीच्या कंडक्टरकडे या पत्रासोबत दुसरी बाटली देत आहे. शनिवारच्या आत स्वतः तपासून अहवाल द्यावा. बाकी पत्र वाचले नाही तरी चालेल.

ता.क. २ आपल्या यंत्रांना नीट दिसावे म्हणून बाटलीत मूठभर मीठ टाकले आहे. ही लबाडी नव्हे, खऱ्याला जरा हातभार. वाचून फाडावे.

ता.क. ३ दादा, मी छबू. एस्टी आली, ह्यांचं पत्र वाचायला टाइम न्हाई. तुमच्या हापिसात प्यायच्या पाण्याचे लई हाल दिसतेत, म्हणून हे बाटल्या धाडतेत. पर बाटलीत निसता फेस, तळाला मीठ! माहेरच्या माणसाला असलं पाणी देतेत व्हय? ओतून दिलं, बाटली घासली अन् जारचं भरलं. मागल्या टायमाला बी मीच भरलं व्हतं. ग्वाड लागलं का?