मंगळवारची मोजणी

ता. ३ मार्च

चि. भावास अनेक आशीर्वाद.

आठ दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझे भावोजी बरे आहेत, गुडघा सोडून.

काल तुमच्या ऑफिसची दोन माणसं माझ्या शिलाईच्या दुकानावर लाल फुली मारून गेली. शेजारचा चष्मेवाला म्हणाला की इथे चार मजली पार्किंग आणि खाली बसस्थानक होणार, आणि गाड्या वर चढायचा उतार बरोबर माझ्या मशीनवरून जाणार. नकाशा माझ्या सख्ख्या भावाचा आहे, हेही त्यानेच सांगितलं. मागच्या महिन्यात तू दोनदा जेवून गेलास आणि चकार शब्द काढला नाहीस. हे काय समजू?

तुझी ताई

ता. ७ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

नकाशा माझाच. पण उतार कुठून न्यायचा ते मोजणीने ठरलं, जिथे वर्दळ कमी तिथून. आमची माणसं दिवसभर बसून गल्लीतून जाणारी माणसं मोजतात. तुमच्या गल्लीत एकतीस भरली. एवढ्या ओस भागात लोक परत यावेत म्हणूनच हा खटाटोप आहे. तुला स्थानकासमोर नवा गाळा मिळेल. काम पक्कं नव्हतं म्हणून बोललो नाही. डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

भावोजींना नमस्कार. लोभ कमी करू नकोस.

तुझा भाऊ

ता. ११ मार्च

चि. भावास,

एकतीस माणसं तर सकाळी माझ्याकडेच कपडे सैल करायला येतात. (लोक हल्ली फार खातात.) चष्मेवाला तुमच्या ऑफिसात जाऊन मोजणीची तारीख विचारून आला. मंगळवार निघाला. गल्ली मंगळवारी बंद असते हे परक्याला ठाऊक नसेल, पण तू तिथेच लहानाचा मोठा झालास.

तेव्हा सरळ विचारते. गल्ली ओस दिसावी म्हणून तूच मंगळवार निवडलास का? साहेबाचं नाव पुढे करू नकोस. उत्तर येईपर्यंत आशीर्वाद राखून ठेवते.

ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

मंगळवार मीच निवडला, पण त्यासाठी नाही. इतर दिवशी तू दारातच मशीन लावून बसतेस. मोजणारे दिसले की खोदून खोदून विचारशील आणि माझं नाव निघेल, याची भीती वाटली. तुला तोंड द्यायचं टाळलं, एवढंच. आकडा आला तेव्हा चूक कळली होती. तरी गप्प बसलो, कारण उतार नेमका बसत होता. त्याची लाज वाटते.

आज साहेबांना सगळं लेखी दिलं. शुक्रवारी पुन्हा मोजणी आहे. काम माझ्याकडून काढून घेतलंय.

तुझा भाऊ

ता. २८ मार्च

चि. भावास अनेक आशीर्वाद, राखून ठेवलेल्यांसह.

शुक्रवारी चष्मेवाला नातेवाईक आणून गल्लीत फेऱ्या मारायला लावणार होता. मी त्याला गप्प बसवलं. तरी चारशे सोळा भरले. उतार आता मागच्या बंद गोदामाच्या बाजूने जाणार आहे, तसं पत्र आलं. दुकान राहिलं.

ते काम तुझ्या हातून गेलं याचं मला वाईट वाटतं. जेवायला ये, तुझे भावोजी वाट बघताहेत. फक्त तू गप्प बसून जेवायला लागलास की मी विचारत राहीन, काय लपवतोयस म्हणून. ही सवय आता मला लागली आणि ती तू लावलीस.

लोभ होता तेवढाच आहे. विश्वासाला वेळ दे.

तुझी ताई