मानेचा पट्टा

सोमवार, नऊ तारीख

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. मी मजेत आहे. फोन केला की तू "चिमी उठेल" म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र. हे अर्ध्यावर बाजूला ठेवलंस तरी माझं बोलणं त्यात शिल्लक राहील. अक्षर एवढं मोठं का, असं दाजींनी विचारलं तर सांग, ते माझ्या सोयीसाठी आहे.

रफूचं दुकान छान चाललंय. परवा एका वकीलबाईंचा लोकरी कोट आला, खिशापाशी कसर लागलेला. काम करताना माझं नाक कापडाला टेकलेलं असतं, तुला माहीतच आहे. बाई म्हणाल्या, "अहो, शिवताय की वास घेताय?" म्हटलं, "दोन्ही. कोट चांगल्या घरचा आहे." हसल्या, आणि काल नवऱ्याचाही घेऊन आल्या. मोठी टोपी आणि काळा चष्मा घालून निघाले की गल्लीतली पोरं मला नटी म्हणतात. म्हणेनात का! चालतेही मी तशीच.

आता मुद्द्याचं. आई म्हणाली, चिमीची तिरकी मान शाळेआधी सरळ व्हावी म्हणून तू मानेचा पट्टा आणलायस. ताई, तो तिला लावू नकोस.

तिच्या मानेला काहीही झालेलं नाही. अल्बिनिझम म्हणजे नुसते पांढरे केस आणि पांढरी कातडी नव्हे. डोळ्यांतही रंग कमी असतो, उजेड सोसत नाही, आणि बुबुळं सारखी इकडून तिकडे हलत राहतात. मान एका ठरावीक बाजूला वळवली की ती जरा थांबतात, आणि समोरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं. माझी बाजू उजवी. आईने पाठवलेल्या व्हिडिओत पाहिलं, चिमीची डावी आहे. तीन वर्षांच्या पोरीने कुणी न शिकवता ती शोधली. हुशार आहे, मावशीवर गेलीय.

मला हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मी चांगली घोडी झाले होते. तोवर तुम्ही सगळे माझी मान सरळ करत होतात. जेवताना आई, अभ्यासाला बाबा, चारचौघांत तू. कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याचा राग नाही.

पत्र इथेच संपवणार होते. पण एवढं लिहिलंय तर राहिलेलंही लिहिते.

तुझ्या लग्नात फोटोच्या वेळी तू माझी हनुवटी धरलीस. "आजच्या दिवस तरी सरळ बघ गं." दिवस तुझा होता, म्हणून मी दिवसभर मान ताठ ठेवली. सगळे म्हणत होते, नवरी काय सुंदर दिसतेय! मीही म्हटलं. ताई, मला तुझ्या जागी नुसता रंगीत डाग दिसत होता. तुझा चेहरा मी त्या दिवशी पाहिलाच नाही.

आणि चिमी झाली तेव्हा दवाखान्यात तू म्हणालीस, "तुझ्यावरच गेली गं," आणि तोंड फिरवून रडलीस. तेव्हापासून मी तुझ्याकडे फिरकले नाही. दुकानाचं कारण खोटं होतं, दुकान रविवारी बंदच असतं. मला फार लागलं होतं ते. माझ्यावर गेली तर काय बिघडलं? मी स्वतःचं कमावते, भाडं भरते, घरमालकाशी भांडून जिंकतेही.

येत्या रविवारी येतेय. नको म्हणालीस तरी येणार.

तोवर एक कर. चिमीला खिडकीकडे पाठ करून बसव आणि तिच्या अगदी जवळ बस. ती मान वळवेल. तुझा हात सवयीने तिच्या हनुवटीकडे जाईल, तो आवर. तशीच बसून राहा. ती तुला बघत असेल.

तुला नीट बघायची राहून गेलेली,
तुझी धाकटी