ग्लिगोरेच्या नावाचं वाडगं

ओलारी,
मंगळवार, ९ जून १९८७

साफ्ते,

मी बरी आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागेवर आहे. तू बरी असशीलच, तुला काय धाड भरलीय! चेरी यंदा लवकर पिकल्या आणि त्याहून लवकर पाखरांनी खाल्ल्या. मी चार बुकं शिकलेली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. चाळीस वर्षांत तुला पहिलं पत्र लिहितेय, ते तुझी करमणूक करायला नव्हे.

काल तुदोरित्सा आली होती. माझी शेजारीण, लेक तुमच्या गावी दिलीय ती. शनिवारी, पितरांच्या दिवशी, ती लेकीकडेच होती. आल्या आल्या पिशवीतून एक वाडगं काढलं आणि माझ्या नाकापुढे धरलं.

“ओळख बघू, कुणाच्या हातचं?”

ओळखायचं काय त्यात? मधोमध कोंबडा. मान ताठ, शेपटीचं एकेक पीस तारेने ओढलेलं. असा कोंबडा या डोंगराच्या दोन्ही अंगांना एकच बाई काढते.

“तुझ्या साफ्तानेच दिलं,” ती म्हणाली. “आत दूधभात, वर चेरी, कडेला मेणबत्ती. देताना म्हणाली, ग्लिगोरेच्या आत्म्याला पोचो.”

माझ्या नवऱ्याच्या! माझ्या नवऱ्याच्या नावाने तू दान करतेस? तुझाही म्हातारा वर गेलाय ना, तो काय तिथे जेवून ढेकर देतोय?

मी म्हटलं, “तुदोरित्से, हे मला दे. बदल्यात दोन घे. चार घे.”

“वा गं वा! दान परत मागतेस? तो तिकडे त्यातच जेवायला बसला असेल. घास तोंडाशी नेताना भांडं ओढून घेणार का आता?”

तिचंही खरंच. इथे ज्या भांड्यातून द्यावं, त्याच भांड्यात त्यांना तिथे मिळतं. आपल्याला हे दूध पाजतानाच सांगितलेलं. म्हणून तर तो गेल्यापासून तीन वर्षं मी त्याच्या नावाने दुकानातली पत्र्याची वाडगी देतेय. बायका कुजबुजतात, कुंभाराच्या घरातून पत्रा! मी सांगते, पत्रा फुटत नाही.

खोटं सांगते. भिंतभर थाळ्या टांगलेल्या आहेत, फळीवर वाडगी आहेत. सगळी त्याच्या चाकावरची, आणि सगळ्यांवर तुझा हात. द्यायला म्हणून कुठलंही उचलावं, तर त्यात तू. जन्मभर तो घेवडा खायचा तोही तुझ्याच वाडग्यात. निदान वर तरी तू नको होतीस.

माझ्या हातचं घरात एकही नाही. रंग सोडायचं ते बैलाचं पोकळ शिंग मी हातात धरलं की रंग धावतच सुटायचा. पहिला कोंबडा काढला तेव्हा ग्लिगोरे म्हणाला, “लिक्सांद्रे, याला आधी उन्हात ठेव गं, बिचारा नदीत पडलेला दिसतोय.” तू खदाखदा हसलीस. सोळाची होतीस. आई गेल्यावर मीच तुला आमच्याकडे आणलं होतं. मग तुम्ही दोघं रोज समोरासमोर. तो चाक फिरवणार, तू शिंगातून रंग सोडणार, आणि बोलायचं एक अक्षर नाही. बोलला असतात तर बरं झालं असतं. मी आत चूल फुंकता फुंकता कान लावायचे, आणि ऐकायला काहीच नसायचं.

काही होतं का, ते मी विचारत नाही. असलं तर सांगू नकोस. नसलं तर मुळीच सांगू नकोस.

कारण ते स्थळ मी आणलं होतं. चाळिशीचा विधुर, डोंगरापलीकडचा, पदरात दोन पोरं. गाव म्हणालं, बहिणीसाठी बाई केवढी धडपडली. तुला एकोणीस पुरी नव्हती. गाडीत चढताना तू माझ्या गळ्यात पडलीस, आणि मी तुझ्या खांद्यावरून रस्ता बघत होते, की वळण अजून किती लांब आहे.

तू गेल्यावर ग्लिगोरेने एकच केलं. तू रंगवलेली भांडी बाजारात न्यायची बंद केली.

असो. पोचलेलं वाडगं काही परत येत नाही. पण मी सत्तरीची. आज ना उद्या मीही जाणार, आणि त्याने तुझ्या कोंबड्यावर मान वाकवून जेवायचं नि मी शेजारी पत्रा खरवडत बसायचं? ते मला जमणार नाही. जिवंतपणी आपल्याच नावाने दान देता येतं. पाद्र्याला विचारून घेतलंय.

तर तुदोरित्साबरोबर एक वाडगं पाठवतेय. त्याने घडवलेलं शेवटचं, न भाजलेलं, कच्चं. तीन वर्षं लोकरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. दोनदा शिंग घेऊन त्याच्यापुढे बसले. हात पुढे झाला नाही. तूच काढ. त्याच्या वाडग्यात आहे तसाच कोंबडा, एक पीस कमी नको. तुमच्याकडच्या भट्टीत भाज, आणि घेऊन तूच ये. तुदोरित्सा येताना वाटेत चार घरी गप्पा मारते, भाजलेलं भांडं मी तिच्या हाती देणार नाही.

स्वतःसाठी मात्र तसलं तिसरं करू नकोस. वर आलीस की आपल्या म्हाताऱ्याकडे जेवायचं.

ग्लिगोरेची बायको,
आणि मग तुझी थोरली बहीण,
लिक्सांद्रा