निबंधाचे चार डबे

४ एप्रिल १९५३, बदलापूर
आज या घरात शास्त्राचा वध झाला. सौ. सुनेत्राने 'प्रयोजन' या डब्यात कुरडया भरल्या. ग्रंथारंभी चार गोष्टी सांगाव्यात असा पूर्वाचार्यांचा दंडक: विषय, प्रयोजन, अधिकारी, संबंध. म्हणून मी बिस्किटांचे चार डबे केले. वाचलेले-ऐकलेले चिठ्ठीवर, चिठ्ठी डब्यात. सौ. म्हणते, तो डबा तीन महिने रिकामाच होता. असेल. प्रयोजन शेवटी सुचते.

६ एप्रिल
संपादकांचे कार्ड. उल्हासनगरवरचा निबंध वीस तारखेपर्यंत न आल्यास माझे अकरा वर्षांचे सदर अंबरनाथच्या श्यामकांताकडे. हा गृहस्थ टिपणेच काढत नाही, बसतो आणि लिहितो! हसू आले. माझ्याकडे चारशे बारा चिठ्ठ्या तयार. दोन दिवसांचे काम.

९ एप्रिल
'विषय' तुडुंब. 'संबंध'मध्ये एक झुरळ. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

१० एप्रिल, सकाळी साडेनऊ
उठलो. सौ. म्हणाली, अहो, निर्वासितांवर लिहिताय, तर एकदा त्यांच्याशी बोलून तरी या. सूचना बाळबोध. पण प्रयोजनाला नवा डबा हवाच आहे. जाईन.

१२ एप्रिल
उल्हासनगर, कॅम्प दोन. टेकचंद नावाच्या सिंध्याचे डब्यांचे दुकान. विचारतो, साईं, क्या भरोगे? म्हटले, ज्ञान. म्हणाला, तो छोटावाला ले जाओ. थट्टेखोर मनुष्य. मग पाव तास सिंधमधल्या घराविषयी बोलत राहिला. मध्येच थांबला आणि स्वच्छ झाकण पुन्हा पुसायला लागला. मी मुद्दा तेवढा टिपला. निबंध झालाच म्हणायचा.

१७ एप्रिल
लिहायला बसलो. टेकचंदची चिठ्ठी 'विषय'मध्ये, वास्तुशास्त्राखाली सापडली: 'दार उत्तरेला.' सौ. विचारते, कुणाचे दार? त्याआधी तो काय म्हणाला? नंतर काय? आठवेना. तेव्हा बहुधा मी पेन्सिलीला टोक करीत होतो. बाकीच्या चिठ्ठ्या काढल्या. 'ती हसली नाही.' 'म्हणूनच नको.' 'सातवा.' अक्षर माझेच.

१९ एप्रिल
पुन्हा कॅम्पात. टेकचंदला विनवले, ते परवाचे घराचे जरा पुन्हा सांगता का? म्हणाला, वो रोज थोड़े ही बोला जाता है, साईं. डब्बा चाहिए तो बोलो.

२० एप्रिल
संपादकांना कळवले, सदर श्यामकांताला द्यावे. वाईट वाटते, पण भीती त्याची नाही. एक माणूस माझ्यासमोर पाव तास मन मोकळे करीत होता, आणि मी ऐकले नाही. सुनेत्रा या घरात बावीस वर्षे बोलते आहे. काल ती काय म्हणाली, ते मला सांगता यायचे नाही.