पोतेऱ्याची माती

शुक्रवार पेठ, सोलापूर
१२ डिसेंबर १९७४

प्रिय नंदू,

पत्रात आधी कुशल लिहावे, असे कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी शिकवले होते. तेव्हा, आम्ही बरे आहोत. दिवाळीपासून रॉकेल मिळालेले नाही, त्यामुळे मागच्या पडवीतली चूल पुन्हा पेटते आहे. फुंकून फुंकून दमते रे मी आता. पाठ टेकली की उठवत नाही.

तुझे बाबा दिवसभर खुर्चीत असतात. मोतीबिंदू वाढला आहे. वर्तमानपत्र मी वाचून दाखवते. रॉकेलची बातमी आली की मान फिरवतात. तुम्ही दोघांनी प्लॅस्टिक तापवण्यासाठी केलेला तो पत्र्याचा डबा माळ्यावर गेला आहे. तू लहान असताना ते तुरटीच्या पाण्यात दोरा सोडून ठेवायचे, आणि सकाळी त्यावर धरलेले खडे पाहायला तू तोंड न धुताच धावायचास. या दिवाळीत तुम्ही गच्चीत बसून मुलतानी माती आम्लात धूत होतात, तेव्हा मला तेच आठवत होते. तू मला समजावलेस, की धुतल्यावर मातीच्या कणाकणांत डोळ्यांना न दिसणारी भोके उघडतात. तापलेल्या प्लॅस्टिकची वाफ त्यांतून गेली की रॉकेलसारखे पातळ तेल मिळते, नाहीतर नुसते मेण. मला अर्धेच कळले, पण तुमचे दोघांचे बोलणे ऐकत बसावेसे वाटले.

माती परातीत वाळत घालून तू पुण्याला गेलास. ती वाळल्यावर, तुळशीच्या लग्नानंतर, बाबांनी कॉलेजातले जुने सहकारी बोलावून डबा पेटवला. फुटक्या बादल्या, खताच्या गोण्यांतल्या पिशव्या, परातीतली माती, सगळे घातले. नळीतून मेणच आले. त्यांनी ते बोटांवर चोळून पाहिले आणि पाहुण्यांना चहाही विचारला नाही. तुला ते कार्ड त्यांनी चाचपडत स्वतःच लिहिले, मला हात लावू दिला नाही. ‘तुझी विद्या तुझ्या प्रयोगशाळेत ठेव,’ हे मी नंतर वाचले. तेव्हापासून तुझे अक्षर पाहिले नाही.

काल केराबाई भांडी उरकून चुलीला मातीचे पोतेरे देताना कुरकुरत होती, “बाई, माजी माती भरड हाय. तुळशीच्या लग्नाला चुलीला गच्चीवरल्या परातीतली लावली हुती, ती लई झ्याक बसली, मैद्यागत! परात रिकामी बरी दिसंना, म्हणून तितं माजीच भरून ठिवली की.” मी तिथेच पाटावर बसले. डब्यात तुझी माती कधी गेलीच नव्हती. ती आमच्या चुलीवर होती.

बाबांना अजून सांगितलेले नाही. सांगितले तर केराबाईवर ओरडतील, लगेच डबा खाली काढायला लावतील, आणि त्यांच्याकडून तुला दोन शब्द लिहायचे राहूनच जातील. म्हणून हे पत्र. तू ये. माती पुन्हा धू आणि त्यांना शेजारी बसव. तेल आले तरी त्यांना दिसायचे नाही. दोन थेंब त्यांच्या बोटांवर तूच सोड.

चुलीपाशी थकलेली, पण तुझीच,
आई