खाली मनकर्णा हाय

३ डिसेंबर

आज नातीच्या राज्यात आली. प्रगतीनं गळ्यात दोरी बांधून फोन लटकवला. म्हने, आजी, तू बोल, हा लिहिते. मले कोनी कधी अक्षर दाखवलं नाई, अन आता या वयात घरचा कारकून भेटला. लिही बापा: मी मनकर्णा, बाजारहत्नूरची. दात गेले, जीभ शाबूत हाय.

आदिलाबादच्या बाहेर, तामसीच्या रस्त्यावर हे ट्रेनिंगचं आवार. मानसाले उंच चढवनाऱ्या मशिनी चालवाले शिकवतात. लोखंडाची लांब मान, मानेच्या टोकाले पाळना, पाळन्यात मानूस. प्रगती इथं शिकते; परीक्षा पास झाली की सर्टिफिकेट, मंग मोठ्या गोदामात छताचे दिवे लावाची नोकरी. नापास झाली तर तिचा बाप, माहा खुशाल, तिचं लग्न उरकून टाकतो म्हनते. म्हनून मी आली, पोरीच्या भाकरी थापाले.

शिकवनारे यशवंतराव सर. मिशी भारी, आवाज बारीक. पट्टा, पट्टा, दिवसभर एकच जप. पट्ट्याचा हूक पाळन्याले अडकवल्याबिगर वर जाचं नाई.

५ डिसेंबर

इथली एक रीत मले लय आवडली. वर जानारा पाळन्यातून वरडून विचारते, खाली कोन हाय? खालचा आपलं नाव सांगते. नाव सांगितलं की तो वरच्याचा राखनदार. वरचा जमिनीवर पाय ठेवेपर्यंत त्यानं हलाचं नाई, मुताले सुद्दा नाई. काऊन की वरचे बटन बंद पडले तर खालच्याच बटनानं मानूस उतरते. प्रगतीनं मले ते बटन दाखवले. अक्षराचं कामच नाई, बान काढलेले हायेत. खालचा बान म्या झटकन ओळखला. सर म्हने, आजीलेच पास करून टाकू. म्या म्हनलं, मिशी देसाल काय सर्टिफिकेटासंगं?

८ डिसेंबर

दुपारी सगळे जेवाले गेलते. मी बाजेवर उन्हात पडली होती. वरून हाक आली, खाली कोन हाय? कोन्या पोट्ट्याले म्हातारीची गंमत सुचली असंल, म्हनून म्याही ठसक्यात सांगितलं: खाली मनकर्णा हाय, ये बापा, भाकर गरम हाय.

थोड्या वेळानं पोरं फाटकातून आले. सगळेच आले. मशीन तं मान मुडपून निजली होती. वर पाळनाच नव्हता. वर नुसतं आभाळ.

९ डिसेंबर

प्रगती पाळन्यात चढली अन मशीन किंचाळाले लागली. वजन जास्त झालं की ती अशी बोंबलते. पाळना एका मानसाचा, अन माही पोरगी तं वाळली काडी. सर म्हने, वजनाचा काटा बिघडला. म्हनताना हात खिशात घातले. वर मात्र पाह्यलं नाई.

जेवन रांधनाऱ्या शकुबाईले खोदून विचारलं. ती हळूच म्हने, मागच्या मे महिन्यात अनुप नावाचा पोरगा वर अडकला. वरचे बटन बंद पडले. खालचा राखनदार चहाले निंगून गेलता. पोरगा खाली कोन हाय, खाली कोन हाय वरडत राह्यला, अन उन्हानं वरच्या वरच गेला. राखनदार कोन होता विचारलं, तं शकुबाई सरांच्या खोलीकडं पाहून भांडे घासाले लागली.

अन म्या त्याले नाव सांगून बसली.

१० डिसेंबर

आमी विहारात जानारे मानसं. भूतबित मानत नाई. मानत नाई, हे मोठ्यानं सांगून राह्यली, ज्याले ऐकाचं त्यानं ऐकावं.

भाकरी करताना पत्र्यावरून आवाज आला. मनकर्णा हाय ना? हललीस तं नाई?

तव्यावरची भाकर जळाली.

प्रगतीले म्हनलं, परीक्षेले नको चढू. ती फनकारली: बापानं पाठवलं काय तुले? नातीले खरं सांगितलं तं म्हातारी बिघडली म्हनंल.

११ डिसेंबर

आज नाव घेत नाई. नुसता विचारते. उतरवतेस ना. उतरवतेस ना—

१२ डिसेंबर

परीक्षा. सांज होत आली. प्रगती वर, लय वर. सर खाली, बटनापाशी. मशीन किंचाळून राह्यली.

वरून हाक आली. खाली कोन हाय? पोरीचा आवाज नव्हता.

सरांनी तो वळखला. तोंड पांढरं फक पडलं. पयाले. फाटकाबाहेर— परत एकदा—

पाळना थांबला. प्रगती रडते. म्हने, आजी, बटन चालत नाई. म्हने, आजी, कोनीतरी पट्टा धरला—

बटनापाशी आता मीच. बान दाबला तं तोही खाली येते. नाई दाबला तं माही पोरगी— त्या पोरावानी—

खाली कोन हाय?

मी हाय. मनकर्णा. उतर पोरी.

दाबला. येते. मान खाली येऊन राह्यली. मशीन अजून किंचाळतेच. अर्ध्यावर—

मान येतेच, पन किंचाळनं थांबलं. पाळन्यात आता एकच वजन—

प्रगती, बोल. काऊन बोलत नाई?

टेकला. पाळन्याचं दार उघडलं. पाय खाली ठेवला. हेल्मेट तिचंच. पट्टा तिचाच. तोंड खाली घातलेलं. येते. माह्याकडं येते.

तोंड वर कर, माय. म्या उतरवलं तुले. तोंड वर—