यमाईच्या टाकामागचं पाकीट

सांगली, ४ जून २०२५

ती. सौ. आईस,
ऋचाचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू जेवलीस का एवढंच विचारतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले. माझ्या क्लासातल्या सहाही नर्स जर्मनची परीक्षा पास झाल्या. शिकवणारी मात्र लटकली आहे! जर्मनीतल्या विद्यापीठाने माझ्या अर्जाच्या निकालाचं पत्र साताऱ्याच्या पत्त्यावर कधीच पाठवलं म्हणे. प्रवेश मिळाला असेल, तर त्यातला क्रमांक टाकून १५ जूनच्या आत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. क्रमांक फोनवर सांगत नाहीत.

जर्मन, डच, स्वीडिश या बहिणी-बहिणी शोभणाऱ्या भाषा आणि त्यांतलं साहित्य, असा दोन वर्षांचा अभ्यास आहे. तिथल्या सैनिकांच्या बायकांनी घरून लिहिलेली पत्रं मला वाचायची आहेत. चार वर्षं याच्यासाठी घासली. आई, मला फार भीती वाटते. बाबांना एकदा पोस्टात पाठव.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी,
ऋचा

---

सातारा, ८ जून २०२५

चि. ऋचास,
आईचे अनेक आशीर्वाद.

पोस्टात जायची गरज नाही. पाकीट २६ मेपासून आपल्या देव्हाऱ्यात, यमाईच्या टाकामागे आहे. मीच ठेवलं. फोडलेलं नाही.

बाबा सीमेवर असताना आलेलं प्रत्येक पाकीट मी आधी देवीपुढे ठेवायची, कौल घ्यायची, मगच फोडायची. एकदाच घाईने तसंच फोडलं, तर त्यांच्या पायाला गोळी लागल्याची बातमी निघाली. तेव्हापासून हात धजत नाही. तुझ्या पाकिटासाठीही टाकावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर फोडायचं. डावी पडली. दुसऱ्या दिवशीही डावीच. तिसऱ्या दिवशी मी लावल्याच नाहीत गं. उजवी पडली तर तू लांब जाशील, याची भीती वाटली.

आज बाबांना सांगितलं. ते म्हणाले, की टपाल अडवणं म्हंजे लय मोठा गुन्हा हाय, फौजेत कोर्टमार्शल झालं असतं. उद्या पहिल्या एसटीने पाकीट आणि हे पत्र घेऊन ते काकांच्या घरी तुझ्याकडे यायला निघतायत. हवं तेवढं रागाव, पण बोलणं टाकू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई,
उमा

---

सांगली, ९ जून २०२५

ती. सौ. आईस,
ऋचाचा सा. न. वि. वि.

बाबा सुखरूप पोचले, जेवले, काकांशी राजकारणावर भांडून झोपलेसुद्धा.

तुझं पत्र आधी वाचलं. संतापले. पण खरं सांगते, संतापाच्याही आधी मला हायसं वाटलं. वाटलं, आता तारीख निघून जाऊ दिली, तरी चालेल. आईने अडवलं म्हणून जन्मभर सांगता येईल. तो सुटकेचा श्वास माझाच होता, हे मग कळलं.

पाकीट तासभर मांडीवर घेऊन बसले होते. तुम्हीच फोडा, असं बाबांना म्हटलं, तर ते म्हणाले, ज्याचं टपाल त्यानंच फोडायचं.

प्रवेश मिळाला आहे, आई. सप्टेंबरअखेर निघायचं. क्रमांक तीनदा चुकला, चौथ्यांदा नीट टाकून होकार कळवला. तिथे माझं कोणीही नाही, मला जमेलच असंही नाही, आणि आता तुला दोष देऊन घरी राहायची सोयही उरली नाही.

या वेळी तुझी माया मागत नाही, ती घेऊनच निघते आहे.

तुझी,
ऋचा